केरोचा संगम

अमित, लाइट मालव बाबा. श्रीरंग, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. त्र्यंबक माझा सेंट लुईसचा जुना रूममेट, त्याच्या लग्नाआधीचा. त्याला धड थापसुद्धा मारता यायची नाही.

सन चौऱ्याऐंशी, एकोणतीस जून, शुक्रवार, अमावस्या. दुपारी त्र्यंबकनं बायकोच्या अस्थींचा कलश गाडीत पुढच्या सीटवर ठेवला, कलंडू नये म्हणून सीटबेल्ट लावला आणि निघाला. मालिनीला जाऊन तीन वर्षं झाली होती. जाताना एकच म्हणाली होती, "मला इथे ठेवू नका हो. नाशिकला न्या." पण ह्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं. एकदा देश सोडला की परत यायची खात्री नाही. कलश बेसमेंटमध्येच राहिला. आता शिकागोच्या सुलभाशी लग्न ठरलं होतं. ती घरात यायच्या आत मालिनीला मार्गी लावायला हवं होतं. सेंट लुईसहून दोन-तीन तासांवर केरो नावाचं गाव आहे, तिथे मिसिसिपी आणि ओहायो ह्या नद्या मिळतात. संगम तो संगम! दुधाची तहान ताकावर.

केरो एके काळचं मातब्बर बंदर. आगबोटींची रांग लागायची. यादवी युद्धात इथूनच फौजा नदीनं खाली उतरल्या. लाल विटांच्या हवेल्या, दगडी कस्टम हाउस, थिएटर, सगळं जागच्या जागी उभं. माणूस मात्र दिसेना. काळ्यांना नोकऱ्या देण्यापेक्षा गोऱ्यांनी दुकानंच बंद केली, असं लोक सांगत. त्र्यंबकला निदान फुलं तरी हवी होती. गावभर फिरला. शेवटी एका हवेलीच्या कुंपणाबाहेर मॅग्नोलियाचं एक फूल पडलेलं मिळालं. तोवर सूर्य बुडाला.

सूर्यास्तानंतर अस्थी सोडत नाहीत. त्यालाही माहीत होतं. पण पुन्हा कधी यायचं?

दोन्ही नद्या मिळतात त्या टोकावर गेला. बेल्ट सोडून कलश नेला. राख सोडली, वर फूल. राख वाहून जाईना… पायाशीच घोटाळत राहिली… मग गेली. कलशही सोडला. परतताना मागे बघायचं नसतं. त्यानं नाही बघितलं.

गावाबाहेर पडताना पूर अडवायचं प्रचंड लोखंडी दार वर टांगलेलं आहे. त्याखाली मिट्ट काळोख.

खट्.

शेजारी… सीटबेल्ट लागल्याचा आवाज.

मागे बघायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाजूचं कुणी सांगितलं नव्हतं. तो समोर बघत राहिला. थेट घरापर्यंत.

गॅरेजमध्ये लाइट लावला. पट्टा लागलेला. ओला. आणि सीटला चिकटून नाही… माणूस बसल्यावर राहतो, तसा पुढे आलेला.

"मालू," तो रडायलाच लागला, "आता नाशिकला काय नेऊ गं?"

न्यायला काही उरलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये सुलभा बसनं आली. त्र्यंबकनं तिची बॅग डिकीत ठेवली. तिनं पुढचं दार उघडलं… थांबली… हळूच मिटलं, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

त्यानं वाकून पुढच्या सीटकडे बघितलं.

पट्टा तेव्हाही ओलाच होता.