मूळप्रत

बार्शीच्या चावडीवर हिंगमिरे सरांचं हसं झालं होतं, आणि ते शर्वाणी देवढेनं केलं होतं. चावडी म्हणजे गावाचा स्वतःचा सर्व्हर. अशा हजारो चावड्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. बार्शीत कुणी शिंकलं की क्षणात सगळीकडे कळायचं.

पूर्वी प्रत्येक चावडी नोंदींची आणि फोटोंची आपापली प्रत ठेवायची. नोंद मागे घेतली तरी कुठल्यातरी चावडीच्या माळ्यावर ती पडून राहायची. डॉ. शर्वाणीनं त्यावर 'एकमूळ' पद्धत काढली. मूळप्रत एकच, बाकीच्यांकडे फक्त तिचा पत्ता. मूळ बदललं की सगळीकडे बदललं, जुनं कायमचं पुसलं. बदलाची खूणसुद्धा राहू नये, हा आग्रह तिचाच. माणसाला आपली चूक निस्तरता आली पाहिजे, असं ती भाषणांत सांगायची. कुणाची चूक, ते मात्र सांगत नसे.

बारावीला भौतिकशास्त्रात आपटल्यावर तिनं लिहिलं होतं, 'हिंगमिरे सरांनी लाडक्या मुलांना पेपर आधीच दाखवला.' सोबत पुरावा म्हणून पेपरचा फोटो, तोही परीक्षेनंतर काढलेला. सरांनी खाली दोनच वाक्यं लिहिली: 'हे धादांत खोटं आहे. ही मुलगी खाल्ल्या घरचे वासे मोजते आहे.' आणि ते खरंच होतं. वर्षभर ती त्यांच्या घरी शिकली होती, काकूंच्या हातचं जेवली होती.

एकमूळ सुरू झालं त्या दिवशी तिनं पहिली दुरुस्ती या नोंदीची केली. 'हिंगमिरे सरांसारखा शिक्षक मिळायला भाग्य लागतं.' पेपरच्या जागी फळ्यासमोरच्या सरांचा फोटो. खालचं उत्तर सरांचं, ते बदलायचा अधिकार तिला नव्हता; आणि खरं तर तिला त्याची आठवणच झाली नाही. आता विद्यार्थिनी कौतुक करतेय आणि सर तिच्या अंगावर धावून जातायत, असं दिसू लागलं. शाळेच्या प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. 'इतक्या उर्मट माणसाचं नाव नको,' म्हणून समितीनं तो बेत रद्द केला.

शर्वाणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चावडीवर सगळं खरं लिहिलं. लोकांनी जुनी नोंद शोधली, ती कुठेच नव्हती. मग कौतुक तिचंच झालं: गुरूची अब्रू राखायला पोरगी दोष स्वतःवर घेते! शेवटी ती बार्शीला गेली.

"सर, जुनं परत आणता येत नाही. मीच ती सोय ठेवली नाही."

"फळा पुसला की पुसला," सर म्हणाले. "पण माझ्या वर्गात निदान पोरांच्या वह्यांत उतरलेलं असायचं."

"आता वह्या नाहीत, सर. सगळे एकाच फळ्याकडे बघतात. पण तुम्हाला आठवतंय ना, मी काय लिहिलं होतं? समितीला सांगा. मी शेजारी उभी राहते."

सरांनी फोनवरची नोंद तिच्यापुढे धरली.

"आठवडाभर ती नोंद उघडून बघतोय, शर्वाणी. रोज चांगलंच लिहिलेलं दिसतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो मी. तेव्हा माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल."

"नाही, सर! मीच लिहिलं होतं."

"तुझं मन मोठं आहे गं." सरांनी हात जोडले. "घरच्या पोरीला चारचौघांत नाही नाही ते बोललो. माफ कर मला."

त्या जोडलेल्या हातांकडे तिला बघवेना.