खोक्यातली वरची पट्टी

सांगून कोणाला पटणार नाही, पण रबराच्या पट्टीवरची चीर पाहून कापणाऱ्याचा स्वभाव ओळखणारा एक माणूस होता. कारच्या कारखान्यात तो माल तपासायचा; त्याला भिंगवाले म्हणत. जेवताना त्याच्या टेबलावर कोणी बसत नसे. दोष काढणाऱ्याजवळ घास कसा उतरणार?

त्या दिवशी कारखान्याचा भोंगा वाजलाच नव्हता. भिंगवाले दाराच्या पट्ट्या पुरवणाऱ्या रबरशेठच्या शेडमध्ये शिरला. यंत्रं थंड, शेठ एकटा, समोर एकच कप.

"शेठ, तिसरी तक्रार. पुन्हा चिरलेली पट्टी."

कारखान्याच्या ऑनलाइन खरेदी-पोर्टलचा नियम सरळ होता. तिसऱ्या तक्रारीला पुरवठादाराचं नाव आपोआप उडायचं. शेठचे सगळे कामगार याच एका गिऱ्हाइकावर जगत होते.

"तिसरी? शक्यच नाही!"

"का? मागे दोन्ही वेळा तर लगेच स्पर्धकावर घसरलात. त्याने तुमचा माणूस फोडला म्हणालात."

"तसंच असेल मग."

"खोकी कोण बंद करतं?"

"मीच."

"आणि सील?"

"तेही मीच."

"सील शाबूत होतं. स्पर्धक काय वाऱ्यासारखा आत गेला?"

शेठने समोरचा कप बाजूला सरकवला.

"ऐका. नुकसान करणारा दोष तळाशी लपवतो. तुमची पट्टी दोन्ही वेळा सगळ्यात वर, चीर आंधळ्यालाही दिसावी अशी. तेव्हा मी न कळवता आलो, तरी टेबलावर दोन कप मांडलेले. तक्रार आली की पोर्टल माणूस पाठवतं. तुम्हाला तो माणूस हवा होता. चाकू तुमचाच, शेठ! आज कप एकच, कारण तिसरी पट्टी तुम्ही कापलीच नाहीत. तिसरी तक्रार नाहीच. मी थाप मारली."

"पूर्वी तुमचे खरेदीवाले यायचे हो," शेठ हळूच म्हणाला. "भावावरून भांडायचे, पोरांची चौकशी करायचे. आता आकडा टाकला की स्क्रीन धन्यवाद म्हणते. कोणी साधी शिवीसुद्धा देत नाही."

"पुन्हा कापलीत तर कामगार रस्त्यावर येतील."

"नाही कापणार. शपथ."

"मग संपलं. साहेबांनी तातडीने पिटाळलं म्हणून आलो, नाहीतर मला कुठे वेळ!" भिंगवाले म्हणाला, आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसला.

शेठने दुसरा कप विसळायला घेतला. मध्येच थांबला. कान देऊन कारखान्याच्या बाजूची शांतता ऐकली.

"खोटं! साफ खोटं! अहो, आज तुमच्या कारखान्याला सुट्टी आहे!"