राहिलेलं एक पान

हसू नकोस. तू आत्ता ‘उद्या बघते’ म्हणालीस ना, त्यावरून आठवलं. त्या पोराचा पॅच तीन आठवडे तुझ्याकडे पडून आहे, मला सगळं दिसतं. मी काही बोलणार नाही. मशीनवर बिल्ड पुरं व्हायला अजून पाऊण तास आहे, तोवर खुर्च्या इकडे ओढा. वरचा दिवा बंदच असू दे, डोळ्यांवर येतो. आणि तुझा भाऊ तुला न्यायला आलाय, त्याला आपल्या धंद्यातलं काही कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. सगळे त्याला नन्ना म्हणायचे, कारण त्याच्याकडे काहीही घेऊन जा, उत्तर ठरलेलं, नाही. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. दिवसा इथली नोकरी, आणि रात्री ते दुसरं, फुकटचं काम. एका खऱ्या संगणकाच्या पोटात दहा खोटे संगणक चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. कुणाच्या मालकीचं नाही, जगभरातले लोक फावल्या वेळात त्यात दुरुस्त्या करून एका सामाईक मेल-लिस्टवर पाठवतात. अशा एका दुरुस्तीला पॅच म्हणतात. ती कुणीतरी वाचायची, बरोबर असेल तर खाली ‘वाचून पाहिलं’ असं लिहून आपलं नाव घालायचं आणि आत घ्यायची. नन्ना हेच करायचा.

आता यात खरा संगणक तो यजमान आणि खोटे ते पाहुणे. पाहुणा आला की यजमान त्याला आपल्या मेमरीतली पानं देतो. पानं म्हणजे तुकडे, इतकंच समज. पाहुणा गेला की ती परत घ्यायची. ही जी मागची आवराआवर, तेवढाच भाग नन्नाच्या ताब्यात होता. तेवढ्यासाठी त्याच्याकडे दोनशे चौदा पॅच तुंबलेले असायचे. एक हातावेगळा करावा तर चार नवे येऊन पडायचे. बायको म्हणायची, घरात राहतोस की त्या लिस्टवर राहतोस, एकदा सांगून टाक.

त्या दोनशे चौदांमध्ये एका माणसाचा पॅच होता. नन्नाने त्याचं नाव एकपानी ठेवलं होतं. कारण त्याचं म्हणणं एकच, पाहुणा जातो तेव्हा त्याचं एक पान परत घ्यायचं राहतं. एकच पान. पण पाहुणे येत-जात राहतात, पानं साचत जातात, आणि शेवटी यजमानाची मेमरी भरून तो ठप्प होतो. त्यावर त्याने एका ओळीची दुरुस्ती पाठवली होती.

नन्ना म्हणाला, मथळा लांब आहे. एकपानीने मथळा छोटा करून पाठवला. नन्ना म्हणाला, ओळीच्या शेवटी एक जागा जास्त सुटलीय. ती काढून पाठवली. मग म्हणाला, सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रतीवर केलंय, नव्या प्रतीवर करून पाठवा. दोन वर्षांत अकरा आवृत्त्या झाल्या. आणि दर वेळी एकपानीचं उत्तर ठरलेलं, ना राग ना काही. ‘ठीक आहे. पुन्हा पाठवतो.’

नन्नाला त्या ‘ठीक आहे’चीच चीड यायची. मला म्हणायचा, “हा माणूस भांडत का नाही? भांडला असता तर मी एकदाचं वाचून तरी टाकलं असतं.” म्हणजे बघ, अकरा वेळा परत पाठवलं आणि मूळची ओळ एकदाही वाचलेली नव्हती. शेवटी त्याने एकपानीचे मेल आपोआप ‘नंतर’ नावाच्या खणात जातील अशी सोय करून टाकली.

तर ती रात्र. शुक्रवार, नोव्हेंबरची एकवीस तारीख, सव्वानऊ वाजलेले. बायको आणि मुलगी पहाटेच्या गाडीने निघणार होत्या आणि तिकिटांचे कागद राहिले ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून हा घेऊन यायला आला. बायको फोनवर म्हणाली, “पाच मिनिटं म्हणजे तुझी पाच की घड्याळाची?”

“घड्याळाची गं.”

कागद मिळाले. खिशात घातले. आणि मग, सवय वाईट असते, खुर्चीत टेकला. त्या रात्री बाराला नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. बाराच्या आत जे आत गेलं ते गेलं, उरलेलं सहा महिन्यांनी. एक सेकंद उशीर झाला तरी नाही, हा नियम नन्नानेच भांडून करून घेतलेला. दहा-वीस पॅच तरी निकालात काढू, म्हणाला.

आपलं ऑफिस तेव्हा चौथ्या मजल्यावर होतं. तिथले दिवे हालचालीवर चालायचे. माणूस हलला की लागायचे, दहा मिनिटं गप्प बसलं की विझायचे. नन्ना टाइप करताना फारसा हलायचा नाही, त्यामुळे अधूनमधून हात वर करून दिवा लावून घ्यायला लागायचा. त्यावरूनही तो रोज चिडायचा.

दहा पन्नासला एक पॅच आला. एकपानी. आवृत्ती बारा.

तो ‘नंतर’च्या खणात जायला हवा होता. समोर कसा आला, कळेना. नन्नाने कपाळाला हात लावला. याला आजच मुहूर्त सापडला का, म्हणाला. मथळा बघितला, खालचा शेरा बघितला, आणि लिहून टाकलं, ‘शेरा पाल्हाळिक आहे. आटोपशीर करा.’ पाठवलं.

आठ सेकंदांत आवृत्ती तेरा आली. शेरा दोन ओळींचा.

आठ सेकंदांत माणसाला मेल उघडतासुद्धा येत नाही. नन्नाला वाटलं, कुणीतरी यंत्र लावून ठेवलंय, आपली मजा करतंय. संताप आला. आता याला धडाच शिकवतो म्हणून त्याने लिहायला घेतलं, ‘आत वापरलेलं नाव नीट नाही, ते बदलून…’

अजून पाठवलं नव्हतं. वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

आवृत्ती चौदा आली. सोबत बदलांची टीप होती. ‘नाव बदललं.’

नन्नाने हात कीबोर्डवरून उचलले. मांडीवर ठेवले. त्याच्या मनात एक गोष्ट होती… चाचणी जोडलेली नाही, असं म्हणता येईल. नुसती मनात होती. तो हलला नाही. वरचा दिवा विझला.

आवृत्ती पंधरा.

‘चाचणी जोडली. तुम्ही म्हणणार होतात ती.’

अंधारात फक्त पडदा. आणि मग तिकडे, खोलीच्या त्या टोकाला, जिन्याच्या दारावरचा दिवा लागला.

तो कुणी हलल्याशिवाय लागत नाही…

नन्ना बघत राहिला. जिन्यात कुणी नव्हतं. पायरीचा आवाज नाही. दाराचा नाही. दहा मिनिटं झाली. तो दिवा विझायला हवा होता.

विझला नाही.

फोन वाजला तेव्हा त्याच्या हातून तो खालीच पडला. बायको होती. “अकरा वाजून गेले. आहेस कुठे? तुला बरं आहे ना?”

“हो… येतो.”

“आवाज असा का येतोय?”

“येतो म्हटलं ना.”

फोन ठेवला आणि त्याने ‘नंतर’चा खण उघडला. का उघडला, ते त्यालाही सांगता आलं नाही. एकपानीच्या अकरा मेलच्या वर एक न वाचलेला मेल होता. जुलैमधला. त्याच पत्त्यावरून आलेला. चार महिने पडून होता.

तो एकपानीच्या मुलीचा होता. नन्नाने मला तो नंतर वाचून दाखवला, म्हणून माझ्या लक्षात आहे. तिने लिहिलं होतं, ‘माझे बाबा गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात संगणक सांभाळायचे. तुमच्याकडच्या त्या चुकीमुळे दर एकोणीस दिवसांनी मशीन भरायचं. पंप दिवसा बंद ठेवता येत नाहीत, म्हणून रात्री दोनला जाऊन ते बंद-चालू करायला लागायचं. त्यांच्याकडे दुरुस्ती तयार होती, पण अधिकृत आवृत्तीत आल्याशिवाय बसवायची नाही, असा वरून हुकूम होता. बाबांना छातीचा त्रास होता. मी नको म्हणायचे, तर म्हणायचे, पुढच्या खेपेला होईल, ते साहेब वाचतायत. जूनमध्ये एकोणिसाव्या दिवशी गेले ते पंपघराच्या जिन्यातच पडले. सकाळी सापडले. आता त्यांना काही उपयोग नाही. पण तुम्ही एकदा वाचा, एवढंच.’

जिन्यावरचा दिवा चालूच होता.

मग नन्नाने ती दुरुस्ती वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदा. एकच ओळ होती, आणि बरोबर होती. त्याने पहिली आवृत्ती काढून शेजारी लावली. तीच ओळ. पहिल्या दिवसापासून बरोबर होती. पुढच्या साऱ्या फेऱ्यांत बदललं होतं ते मथळे, शेरे, मोकळ्या जागा. ती ओळ तशीच होती. मला सांगताना तो इथे थांबला आणि म्हणाला, “अरे, पाच मिनिटांचं काम होतं रे. घड्याळाची पाच मिनिटं.”

अकरा बावन्न. आत घ्यायला वेळ होता. मेलेल्या माणसाचा पॅच आत घ्यायचा कसा, हा प्रश्न होता, कारण पाठवणाऱ्याची स्वतःची सही लागते. नन्नाने पहिलीच आवृत्ती घेतली. ती त्याने जिवंतपणी सही करून पाठवलेली होती. चाचणी लावली. चाचणी हळूहळू सरकत होती. पन्नास टक्के. सत्तर. नन्ना पडद्याला शिव्या देत होता. अकरा अठ्ठावन्नला ती पार पडली.

आता खाली ‘वाचून पाहिलं’ आणि आपलं नाव, एवढंच राहिलं होतं. हजार वेळा लिहिलेले शब्द. कित्येकदा न वाचता लिहिलेले. या वेळी हात चालेना. ‘वाचून’ लिहिलं… खोडलं. पुन्हा लिहिलं.

बटण दाबलं.

दाराने उत्तर दिलं. बारा वाजून चार सेकंद. ‘वेळ संपली आहे. पुढच्या खेपेला पाठवा.’

ते वाक्यही नन्नानेच लिहिलेलं होतं, नियम केला तेव्हा.

त्याने दार सांभाळणाऱ्यांना मेल केले, तिघांना. आपलाच नियम मोडा म्हणून हातापाया पडला. तिघेही झोपलेले. मग तो सोळाव्या आवृत्तीची वाट बघत बसला. खरंच वाट बघत होता. यावी, काहीतरी यावं.

काही आलं नाही.

जिन्यावरचा दिवा विझला.

तिकिटं खिशात होती. घरी जायला हवं होतं. पण म्हणाला, निदान आपल्या मशीनवर तरी त्याची ओळ बसवू. बसवली. एक पाहुणा चालू केला, बंद केला. मागे किती पानं राहिली ते विचारलं. शून्य यायला हवं होतं. शून्यासाठीच तर ती ओळ होती.

आलं, एक.

पुन्हा केलं. ओळ नसती तर दोन झाली असती. पण आलं, एक. दहा पाहुणे आणले, दहा घालवले. एकच. मग त्याने ते पान उघडलं.

घरी तो तीन वाजता पोचला. बायको बॅगांवर बसून होती. त्याने तिकिटं दिली आणि तिच्याजवळ रडला, असं तिनेच मला सांगितलं. सोमवारी त्याने त्या मुलीला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही, आणि येणार तरी कशाला.

मेमध्ये ती ओळ अधिकृत आवृत्तीत गेली. खाली त्या माणसाचं नाव आहे, नन्नाचंही आहे. जगभर लोकांनी तपासून बघितली, शून्य येतं. तुमच्या मशीनवर बघा, शून्यच येईल. नन्नाच्या मशीनवर एक येतं. त्याने मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. मशीन बदललं. आता तर तो दुसऱ्या गावात असतो, लिस्ट सोडून दिलीय, तिथल्या नव्या कोऱ्या मशीनवरही पाहुणा गेला की एक पान राहतं. मी स्वतः जाऊन बघितलंय.

काय आहे त्यात, विचारतोस? चार हजार शहाण्णव जागा असतात एका पानात. जवळजवळ सगळं पान रिकामं. शून्यं, नुसती शून्यं, खालपर्यंत. फक्त अगदी वर सुरुवातीला एक ओळ…

‘ठीक आहे. पुन्हा पाठवतो.’