बंद करायला लावलेली वाट

शेवट ओळखून दाखवा बरं. नाही जमायचं, आत्ताच सांगून ठेवतो. भलेभले तोंडावर पडलेत. लावा डोकं.

फिनलंडमधल्या ओउलूत इल्पो म्हणून एक होता. काम काय, तर बसल्या जागी दुसऱ्याच्या चुका काढायच्या. यंत्रात एक चिप असते बघा, बॅटरीची वीज वाटणारी. एक वाट पडद्याला, एक रेडिओला. कुठली वाट कुठं जाते ते लिहून ठेवायचं, म्हंजे चिप चालवणारा प्रोग्राम चुकत नाही. ते लिखाण जगभर वापरणार, म्हणून इल्पोनं आधी तपासायचं आणि खाली आपलं नाव द्यायचं. त्याच्या नावाशिवाय काही पुढं सरकत नसे. गडी असला खडूस, की बायकोच्या केकवरचा स्वल्पविरामही खोडायला लावायचा.

हिल्कानं असंच एक लिखाण पाठवलं. वर्षभराची मेहनत. या खेपेला नाव मिळालं नाही तर कंपनी तिचं कामच गुंडाळणार होती. इल्पोनं फोन लावला.

"हिल्का, ही शेवटची वाट कुठं जाते गं?"

"कुठंच नाही."

"मग 'कायम चालू ठेवा' कशाला? चिपमध्ये आहे तेवढंच लिहायचं. तुझ्या मनातलं नको."

"राईमोनं बजावलेलं. चिप त्यानंच आखली ना. म्हणाला, ही बंद केलीस तर दुसरीकडून ओढेल."

"दुसरीकडून म्हंजे कुठून? शेजाऱ्याच्या घरून?"

"विचारणार होते. तेवढ्यात गेला बिचारा."

"मग झालं तर! ती ओळ काढ आणि माझं नाव लावून टाक."

ही त्या तपासणाऱ्या लोकांची जुनी खोड. दुरुस्ती डोळ्यानं बघायच्या आधीच नाव देऊन मोकळे. हिल्कानं ओळ काढली, नाव लावलं, पाठवलं. जेवणं आटपेपर्यंत कुठल्या कुठल्या देशांत लोकांनी ते उतरवूनही घेतलं.

इल्पो खुशीत. वेलचीचा पाव घेऊन तिच्याकडं गेला. दुपारच होती, पण थंडीत तिकडं दुपारीच काळोख. खोलीत हिल्काशिवाय कुणी नाही. पंख्याची घुरघुर, आणि वितळलेल्या कथलाचा कडवट वास. टेबलावर चिप, आणि त्या बंद वाटेला लावलेला काट्याचा मीटर.

काटा हलत होता. सावकाश वर… सावकाश खाली.

"तुझा मीटर प्यायलाय," इल्पो हसला.

"दुसराही लावून बघितला. तोही असाच."

इल्पो वाकला. नीट दिसावं म्हणून श्वास धरला. काटा थांबला. श्वास सोडला. काटा चालू.

हिल्काच्या हातातला पाव तसाच राहिला.

"इल्पो… परत धर बघू."

त्यानं धरला. काटा गप्प. मग हिल्कानं आपला धरला. काट्यावर काही फरक नाही.

"उगाच घाबरवू नकोस," इल्पो म्हणाला. "बटण कुठंय? बंदच करतो."

सगळी वीज तोडली. वायरी उपसल्या. पंखासुद्धा थांबला. आणि त्या शांततेत काटा… वर… खाली…

"ओळ परत घाल," तो पुटपुटला. "आत्ताच्या आत्ता."

वायरी परत जोडून घातली की तिनं! त्या मीटरचा काटा तिथल्या तिथं पडला. इल्पोनं ऊर भरून श्वास घेतला. हसलासुद्धा. पण ज्यांनी सकाळचं लिखाण उतरवून घेतलं, त्यांच्याकडं तेच राहिलं ना, खाली इल्पोचं नाव असलेलं? एकदा चाललेलं यंत्र कोण उघडून बघतं? सगळ्यांना लिहिलं, विनवलं. कुणी उत्तर दिलं, 'पुढच्या खेपेला बघू.' बाकीचे गप्प. यंत्रं बनत राहिली, विकली जात राहिली.

इल्पो जिवंत आहे हो, मेला म्हणून मोकळे होऊ नका. सौनात, म्हंजे त्या वाफेच्या खोलीत बसणं सुटलं, जिना सुटला. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं एकदम ठणठणीत. बोलता बोलता मध्येच थांबतो, हात वर करतो… कुठंतरी कुणीतरी नवं यंत्र चालू केलेलं असतं. आधी निदान ते बंद झालं की तेवढा श्वास परत यायचा.

आता येत नाही.