हाडभट्टीच्या धुराड्यातली साखळी

ज्याला खोटं वाटेल त्याने इथंच थांबावं. कुणाला पटवायला मी बसलेलो नाही.

हे माझ्या सख्ख्या चुलत्याच्या, नागोजीच्या, अंगावरून गेलेलं आहे. त्याचा मेहुणा शामूमामा अजून जिवंत आहे. पिरनवाडीत जाऊन विचारा.

साल एकोणीसशे त्रेचाळीस. पौष महिना. मध्यरात्र नव्हे, साधी दिवेलागणीची वेळ.

निपाणीच्या अलीकडं एका मालकाचा कारखाना होता. गूळ वितळवायचा, गाळायचा, त्याची पांढरी साखर करायची. गाळायला पूर्वी हाडांचा कोळसा लागायचा. हाडं भाजायची ती भट्टी कारखान्याच्या मधोमध. लोकांना हाडांचं कळलं, साखर खपेना, भट्टी बंद पडली. तिचं उंच धुराडं मात्र उभं राहिलं. पुढं त्याला तडे गेले.

भोवती चालू कारखाना. वाफेचे नळ, पत्र्याच्या शेड, खाली माणसं. एकदम पाडलं असतं तर दहा घरं उघड्यावर आली असती. काम चार दिवस बंद ठेवा म्हणावं, तर मालकाच्या पोटात कळ.

म्हणून वरून खाली, एकेक वीट सोडवत यायचं ठरलं.

नागोजी उचगावचा गवंडी. तो वर परांचीवर. वीट बाहेर टाकायची नाही, धुराड्याच्या पोटात टाकायची. खाली भट्टीच्या तोंडातून शामूने आत शिरायचं आणि विटा बाहेर काढायच्या.

यंत्रांच्या आवाजात हाक पोचत नव्हती. म्हणून दोघांनी धुराड्यात आतून एक लोखंडी साखळी सोडली, तिचं टोक भट्टीच्या तोंडातून बाहेर काढलं. नागोजी वरून एकदा ओढायचा. म्हणजे, बाहेर आहेस का? शामू आधी बाहेर यायचा, मग टोक धरून दोनदा ओढायचा. म्हणजे, टाका.

उत्तर नाही, तर वीट नाही.

दिवसभर दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत. नागोजीला वर नुसता वारा आणि घारी. बोलायला कोणी नाही. सोबत काय ती साखळीची.

"शामूचा हात मी वळखायचो," चुलता सांगायचा. "पैली ओढ जोरात, दुसरी ढिली. आळशी लेकाचा."

त्या दिवशी सकाळी...

ओढ बदलली.

दोन्ही सारख्या. सावकाश. कुणीतरी जपून, आठवून आठवून ओढावी तशा.

आदल्या दिवशी नागोजीने शामूला लग्नावरून चिडवलं होतं. राग आला असेल, असं त्याला वाटलं. त्याने वीट टाकली. मग दुसरी. प्रत्येक वेळी विचारलं, प्रत्येक वेळी उत्तर आलं.

दुपारी भाकरीचं फडकं दोरीला बांधून वर यायचं. आलं नाही. नागोजी पाणी पिऊन राहिला.

ऊन उतरलं. त्याने साखळीकडं हात नेला आणि...

ओढायच्या आधीच उत्तर आलं.

दोनदा.

 नागोजीने हातातली वीट तशीच परांचीवर ठेवली आणि खाली उतरला.

भट्टीचं तोंड विटांनी बुजलं होतं. सकाळपासून एकही वीट कुणी हलवली नव्हती. साखळीचं टोकही बाहेर नव्हतं. ते आत होतं... ढिगाच्या खाली.

बायकोचा एकुलता भाऊ त्या ढिगाखाली आहे, आणि आपण दिवसभर त्याच्यावर विटा टाकल्या. एवढंच नागोजीच्या डोक्यात आलं. तो उघड्या हातांनी विटा उपसायला लागला. बोटं फुटली.

"दाजी, काय हुडकतायसा?"

मागं शामू उभा होता. अंगभर गुळाचा चिकटा.

नागोजीने त्याच्या थोबाडीत मारली. मग त्यालाच धरून रडला.

"म्या सकाळपास्नं ढेपा फोडतोय न्हवं," शामू गाल चोळत म्हणाला. "मुकादमानं न्हेलं. म्हनला, वर कळवतो."

आण्णाप्पा मुकादम तिथंच होता. "कळवायला वर कोण चढतंय? उत्तर आलं न्हाय की गडी आपसूक थांबतोय."

"उत्तर येत हुतं, आण्णाप्पा."

मुकादमाने विटांच्या ढिगाकडं पाहिलं.

"आत कोण तरी हाय," नागोजी म्हणाला. "इंजान बंद करा. कण्हणं तरी ऐकू येऊ दे."

"आणि कढईतला पाक जळला तर तुझा बा भरणार? माझी सगळी माणसं भाईर हाईत. वाऱ्यानं हलली आसंल साखळी."

रोजावर येणाऱ्या फिरत्या माणसांना मुकादमाने कधी मोजलं होतं? थंडीचं कोण त्या भट्टीत निजायला शिरलं असेल, कुणाला ठाऊक? पण पाक जळता कामा नये. माणूस विटांखाली राहिला तरी चालेल.

इंजिन चालूच राहिलं. दोघांनी कंदील ठेवून ढीग उपसला. अगदी तळापर्यंत.

कोणी नव्हतं.

रक्त नाही. चिंधी नाही. नुसतं साखळीचं टोक.

शामूने आत वाकून ते उचललं.

"दाजी... हे कोमट हाय."

नागोजी आत शिरला. त्याने हात लावला. धरून धरून तापलेल्या हातोड्याच्या मुठीसारखं कोमट. त्या भट्टीत कैक वर्षांत विस्तव पेटला नव्हता.

तेवढ्यात...

साखळी वरून ओढली गेली.

एकदा.

दोघांनी वर पाहिलं. काळवंडलेल्या आभाळाचा गोल तुकडा. कडेला कोणी नाही. नागोजी तर इथं, खाली उभा.

शामूच्या हाताला सवय होती. डोक्याच्या आधी हात चालला.

त्याने दोनदा ओढली.

आत उभा राहून.

नागोजीने त्याला कंबरेला धरून बाहेर फेकला आणि स्वतः मागोमाग पडला. दोघं जमिनीला चिकटून वीट पडायची वाट बघत राहिले. कंदील आत जळत होता.

काहीच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी काम सोडलं. मालकाने खानापूरकडचे गडी आणले. त्यांनी धुराडं पायापर्यंत उतरवलं. कुणाला काही झालं नाही. आता त्या जागी गवत आहे.

शामूमामा म्हातारा झालाय. लग्न केलंच नाही. "माझ्या शेजारी कुणाला निजवू?" म्हणतो. अंगणात खाट टाकत नाही. उंबऱ्याबाहेर पाय टाकण्याआधी मान वर करून बघतो. पोरं नक्कल करतात त्याची.

परवा मी त्याच्याकडं गेलो होतो. म्हटलं, मामा, धुराडं गेलं, साखळी भंगारात गेली, आता कसली भीती?

बोलता बोलता माझीही नजर वर गेली. आढ्याकडं. का, ते मला सांगता येत नाही.

मामाने ते बघितलं.

"म्या टाका म्हणून सांगून बसलोय रं," तो म्हणाला. "त्यानं अजून टाकली न्हाय."