टाकीचं झाकण

एक होता मिस्त्री, एक होती मिस्त्रीण, एक त्यांची लांब दिलेली लेक, आणि एक होती म्हातारी. म्हातारी म्हणजे माणूस नव्हे हो, ती त्यांची गाडी. आत झोपायला फळी, कोपऱ्यात शेगडी, खिडक्यांना मिस्त्रीणीने शिवलेले पडदे, आणि इंजिन पाठीमागे. विकत घेतली तेव्हाच ती जुनाट होती, म्हणून तिचं नाव म्हातारी पडलं. तेव्हा ही दोघं तरणी होती, नाव घेऊन हसायची. पुढे म्हातारी तशीच राहिली आणि ही दोघं तिच्या वयाला जाऊन टेकली.

मग मिस्त्री गेला. हातात पाना होता, शेजारी चहा निवत होता, आणि माणूस गेला.

मिस्त्रीणीने काय केलं, तर गाडीच्या खिडक्या लावून घेतल्या. पडदे ओढले. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. आत त्याचा वास होता ना, ग्रीसचा, तंबाखूचा, घामाचा. तो बाहेर जाऊ नये. गाडीला, घराला, स्वतःला, सगळ्याला तिने बूच मारलं आणि बसून राहिली. शेजारीण म्हणायची, "अगं, दार तरी उघड, जरा वारा येऊ दे." ही म्हणायची, "वाऱ्याचं माझ्याकडे काय काम?"

त्याच आठवड्यात लेकीने कळवलं, दिवस राहिलेत.

लेकीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्या वेळी मिस्त्रीचं दुखणं निघालं होतं, आणि आई पोचली नव्हती. लेक त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. न बोललेलं जास्त लागतं बघा. आता मात्र फोनवर म्हणाली, "आई, नंतर बघायला येऊ नकोस. ह्या खेपेला आधी हवीस."

"येते," मिस्त्रीण म्हणाली. शब्द दिला.

महिने भरत आले. बाळंतपणाला अजून दहा दिवस होते, आणि सकाळीच जावयाचा फोन. "आई, लवकर आल्यात कळा. नर्सबाई घरी आल्यात. पण हिचा एकच धोशा, आई कुठाय, आई कुठाय."

बस आठवड्याला एक, आणि ती कालच गेलेली. मिस्त्रीणीने चिंध्या उपसल्या, डब्यातलं ताजं पेट्रोल टाकीत ओतलं, झाकण आवळलं आणि चावी फिरवली. म्हातारी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "एकटी जातेस?"

"एकटी कशी? दोन म्हाताऱ्या आहोत की!"

रात्रीची गोष्ट नाही सांगत मी. भर दुपारची आहे. वाट डोंगरावरून जाणारी, आणि वर चढावं तसं धुकं दाटत गेलं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पांढरं. मागे माणूस नाही, पुढे माणूस नाही. दिवसाउजेडी दिवे लावून मिस्त्रीण चालली होती. इंजिनाचा आवाज तेवढा सोबतीला.

तो आवाज अकरा वाजता बारीक झाला. दम लागल्यासारखी गाडी दोन आचके देऊन थांबली.

मिस्त्रीण घाबरली नाही. चाळीस वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली काढलेली बाई ती. पहिलं काम, खडू घेतला आणि पुढच्या पत्र्यावर वेळ लिहिली. मिस्त्रीची शिस्त होती ती. तो म्हणायचा, "गाडी कधी थांबली ते लिही. दुखणं वेळ पाळतं." मग मागे जाऊन पेट्रोलची गाळणी उघडली. गाळणी स्वच्छ. पुसून परत लावली, चावी फिरवली, गाडी सुरू. "कचरा असेल," ती म्हणाली, कुणाला ते तिचं तिलाच माहीत.

सव्वाबाराला पुन्हा तेच. तोच बारीक आवाज, तोच आचका. वेळ लिहिली. आता पंप उघडला. आतला रबरी पडदा ठीक, झडपा ठीक. बसवला, आणि गाडी परत सुरू! अशी गंमत करते बघा जुनी गाडी. काहीही उघडा, ती सुरू होते, आणि आपल्याला वाटतं दोष तिथेच होता.

तेवढ्यात फोन वाजला. आवाज तुटत होता. "आई… नर्सबाई म्हणतात बाळ अडकलंय… कुठवर आलात?" मग नुसती खरखर. मिस्त्रीणीने फोन मांडीवर ठेवला आणि गाडी दामटली. पण धुक्यात दामटून दामटणार किती?

साडेतीनला थोडा वेळ होता तेव्हा म्हातारी तिसऱ्यांदा थांबली.

ह्या वेळी मात्र ती थांबली तशी सगळंच थांबलं. वारा नाही, पाखरू नाही. तापलेलं लोखंड टिकटिकत निवत होतं तेवढंच. मिस्त्रीणीने खडूने लिहिलं, तीन वाजून अठरा. आता एकच उरलं होतं, टाकीपासून येणारा पाईप. तो तुंबला असला तर फुंकून बघायचा.

हे फुंकायचं काम दोघांचं असतं. मिस्त्री गाडीखाली उताणा पडून पाईप तोंडात धरायचा आणि टाकीकडे फुंकायचा. मिस्त्रीण बाहेर टाकीला कान लावून उभी राहायची. आत बुडबुडे वाजले तर पाईप मोकळा. खाली पडलेल्या माणसाला बोलणं धड ऐकू येत नाही, म्हणून ती बोटाच्या पेराने पत्र्यावर वाजवायची. एक ठोका म्हणजे 'आली हवा'. दोन ठोके म्हणजे 'नाही'. तीन ठोके म्हणजे 'पुरे, बाहेर ये'. उभ्या संसारात अर्धी भांडणंसुद्धा त्यांनी ह्याच ठोक्यांवर मिटवली होती. जेवणार का? दोन ठोके. अजून रागच आहे का? एक ठोका.

मिस्त्रीण शाल अंथरून गाडीखाली शिरली. पाईप सोडवला, तोंडाला लावला. पाईपने तिचा ओठच आत ओढून घेतला… तान्हं मूल ओढतं तसा. तिने ओठ झटकन सोडवला, पेट्रोल सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबला. अंगठाही ओढ खात होता. मग छातीत हवा भरून तिने जोराने फुंकलं.

टक. टक.

'नाही.'

"बरं," ती सवयीने म्हणाली, आणि पुन्हा फुंकलं.

टक. टक.

आणि तेव्हा तिला आठवलं, की बाहेर कुणी नाही.

ती तशीच पडून राहिली. डोक्यावर हातभर अंतरावर टाकीचा काळा तळ. नाकात पेट्रोलचा वास. गाडीखालून दिसत होती ती चारी बाजूंची ओली सडक, आणि सडकेवर कुणाचे पाय नव्हते.

मी सांगू का, तिला आधी भीती वाटलीच नाही. आठ महिने ज्या बाईशी भिंतसुद्धा बोलली नव्हती, तिला दोन ठोके म्हणजे केवढी सोबत! तिचे डोळे भरून आले. वाटलं, इथेच पडून राहावं. फुंकत राहावं, ठोके ऐकत राहावं. कुठे जायचंय आता?

"अहो…" ती हळूच म्हणाली. "तुम्हीच ना?"



टक. टक.

'नाही.'

आता तिने नीट कान दिला. ठोका पत्र्यावर बाहेरून पडत नव्हता… आतून येत होता. टाकीतून. आणि मिस्त्रीचं पेर कसं, जाडजूड, हातोडीसारखं. हा ठोका बारीक होता. फार बारीक. हरभऱ्याएवढ्या पेराचा.

"मग… कोण?"

टक… टक… टक.

'पुरे. बाहेर ये.' पण ठोके मंद होत चालले होते. दमलेल्या माणसासारखे. पुढचे तीन तर नीट ऐकूही आले नाहीत.

काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. पाईप पंपावर दाबून बसवला आणि ती कोपरांवर सरपटत बाहेर आली, बाजूला धावली, दोन्ही हातांनी टाकीचं झाकण धरलं. झाकण हलेना. आतून कुणी धरून ठेवावं तसं घट्ट. शाल गुंडाळली, पाय चाकाला लावला, सगळा जीव मनगटांत आणला. झाकण करकरलं, फिरलं, आणि…

हाऽऽऽ…

टाकीने श्वास घेतला. आत घेतला, हे लक्षात ठेवा. मिस्त्रीणीच्या कपाळावरचे केस त्या भोकाकडे ओढले गेले, एवढा लांब श्वास. भोवतालचं धुकंसुद्धा जरासं आत गेल्यासारखं वाटलं.

मग सगळं निवांत. आणि आतून एकच ठोका.

'आली हवा.'

तिने हातातलं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. मधोमध मेणाचा टिपका होता, त्यावर तिच्याच अंगठ्याचा ठसा. मिस्त्री गेला त्या आठवड्यात तिनेच मेणबत्ती पेटवून तो टिपका टाकला होता. झाकणाला बारीक छिद्र दिसलं, वाटलं गंजून पडलंय, पाणी शिरेल, बुजवून टाकावं. ते छिद्र मिस्त्रीने मुद्दाम पाडलेलं होतं. इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा टाकीत यायला नको का? ती आली नाही की टाकीच पेट्रोल धरून बसते, सोडत नाही. चाळीस वर्षं ती टाकीला कान लावत आली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं. सकाळी पेट्रोल ओततानाही घाईत बघितलं नव्हतं.

केसांतली पिन काढून तिने मेण खरवडलं, झाकण परत लावलं. चावी फिरवण्याआधी गाडीची प्रत्येक खिडकी उघडली. मिस्त्रीचा वास धुक्यात निघून गेला, जाऊ दिला. म्हातारी पहिल्या चावीला सुरू झाली आणि लेकीच्या दारापर्यंत एकदाही आचकली नाही.

जावई पायरीवर बसला होता. तोंड पांढरं, पण हसत होता. "आई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग त्याला रडू फुटलं.

आत नर्सबाई हात पुसत होत्या. "तुमच्या नातीने आज माझी परीक्षा पाहिली हो. बाहेर आली ती निळी. श्वासच नाही. पाठ चोळली, तोंड साफ केलं, फुंकर घातली, काही नाही. मी आशा सोडलीच होती, आणि एकाएकी असा लांब श्वास आत ओढला पोरीने, बाटलीचं बूच उघडावं तसा. माझ्या अंगावर काटा आला."

"किती वाजता?" मिस्त्रीणीने विचारलं.

"साडेतीनला थोडा वेळ होता. का हो?"

"काही नाही," मिस्त्रीण म्हणाली आणि लेकीच्या उशाशी जाऊन बसली. तिने तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "उशीर केलास." मग तिचा हात धरला. "पण आलीस. आता जायचं नाही."

"नाही जात."

"आणि बाळाला घेण्याआधी हात धू. पेट्रोलचा वास येतोय."

मिस्त्रीणीने साबणाने हात धुतले. मग तोंड धुतलं. मग कपडेही बदलले. नातीला मांडीवर घेतलं तर वास होताच, अगदी पुसट. ती खाली वाकली. दुधाचा वास यावा त्या ठिकाणी, बाळाच्या ओठांशी, तो होता.

"गेला का गं वास?" लेकीने विचारलं.

"गेला," आजी म्हणाली.

तर असे त्या घराचे दिवस फिरले. आता तिथे चार माणसं नांदतात, खिडक्या दिवसभर उघड्या असतात, म्हातारी दाराशी उन्हात उभी असते आणि हाक मारली की सुरू होते. नात गुटगुटीत आहे, हसरी आहे. एकच खोड. पाळण्यात घातली की हरभऱ्याएवढ्या पेराने लाकडावर वाजवते. लेक कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवते. म्हणते, "बघा, काही विचारलं की बरोबर दोनदाच वाजवते!"

आजीही हसते. पण त्या पाळण्यापाशी बसून तिने आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.