कासारणीचं घड्याळ

"ए घड्याळवाल्या, ऊठ. ही जागा माजी हाय."

भिवपुरीच्या वीजघराच्या चाळींसमोर एक चिंच होती, चिंचेला दगडी पार होता, आणि दर पगाराला त्या पारावर शकू कासारीण बांगड्यांची पेटी मांडायची. तीन वर्षं कुणी तिची जागा घेतली नव्हती. एकोणतीस सालच्या आषाढात मात्र तिथं एक गडी डोळ्याला भिंग लावून बसला होता आणि उघड्या घड्याळात काहीतरी टोचत होता.

त्यानं भिंगासकट मान वर केली. "जागेवर नाव लिवलंय का?"

"तुला वाचता येतं का?"

"येतं की… भिंगातनं बारीकसारीक सगळं दिसतं," तो म्हणाला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग सरकला. अर्धा पार तिला मिळाला, अर्धा त्याच्याकडे राहिला. मधोमध चिंचेवरून पावसाचं पाणी गळत होतं, ते दोघांचं.

वाल्मिक त्याचं नाव. खालापूरचा. मुंबईत एका घड्याळजीकडे आठ वर्षं काढून, आता फिटर-बाबू लोकांना घड्याळं विकत फिरत होता. शकू कर्जतची. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, बावीस पुरी झाली. साऱ्या पंचक्रोशीतल्या बायकांचे हात भरायची, स्वतःचे मोकळे. गावाची अक्कल बघा — हिच्या हातून बांगड्या भरून घ्यायला कुणाला विटाळ नव्हता. हिच्या हातात काचेचा तुकडा दिसला असता तर मात्र धर्म बुडाला असता. असला धर्म उल्हास नदीत बुडालेलाच बरा.

त्याच महिन्यात सासूनं, गौराबाईनं, विषय काढला. "तुज्या माहेरच्या पाटल्या माज्या धाकटीच्या लग्नात घालू. तुला काय करायच्यात आता?"

 पुढच्या पगाराला पाटल्या कमरेला बांधून शकू पारावर आली.

"घड्याळ घ्यायचंय. मनगटाचं."

"कुनासाठी?"

"बहिरा हायस का? माज्यासाठी."

वाल्मिक हसला नाही, म्हणून ती तिथं बसली. त्यानं तीन घड्याळं रुमालावर मांडली.

"हे सोन्याचं. साहेबांच्या मडमा घालतात. दिसायला नखरेल, पन आतलं यंत्र चिमनीच्या डोळ्याएवढं. वेळ चुकवतं. किमतीतला निम्मा पैसा नखऱ्याचा."

"विकाय गेले तर?"

त्यानं चमकून पाहिलं. घेताना विकायचं विचारणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदा भेटलं होतं. "सोन्याच्या वजनाचे मिळतील. नखऱ्याचे नाय."

"आनि हे पिवळं?"

"मुलामा. दोन पावसाळ्यांत पितळ दिसाय लागंल. सराफ हात लावनार नाय. तिसरं बघ — चांदीचं. पंधरा खड्यांचं यंत्र, लवकर झिजत नाय. झाकन आट्याचं, फिरवून घट्ट बसनारं. आपल्या मुलखात चार महिने पानी. दाबाच्या झाकनात वाफ शिरती नि काटे गंजतात. याच्यात शिरत नाय. तोंडाला देखनं नाय… पन चालंल."

"म्हंजे तुज्यासारखं," शकू म्हणाली.

वाल्मिकचे कान लाल झाले. पेटीतलं काहीबाही उगाच हलवत तो म्हणाला, "खरं सांगू? पैसा राखायचा असंल तर एक पन घेऊ नको. सोनं सोनं असतं. घड्याळ पेटीतनं निघालं की भाव पडला. पाटल्या ठेव."

"धंदा करायचाय का नाय तुला?"

"करायचाय. तुला फसवून नाय करायचा."

पाऊस जरा वाढला. शकूनं आपल्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. मग तिनं कमरेची गाठ सोडली आणि एक पाटली त्याच्या तळहातावर ठेवली.

"पेटीत पडून मेलेल्या सोन्याचा भाव मला नको सांगू. एक मोडायची. जोड मोडली की उरलेली कुनी मागनार नाय. सराफाकडं मोड, चांदीच्या घड्याळाचे घे, उरलेले पुढच्या पगाराला आन."

"आनि मी पळालो तर?"

"कुटं पळशील? तोंड बघून ठेवलंय मी."

पट्टा पुरुषी होता, तिच्या मनगटाला ढिला. वाल्मिकनं आरीनं नवीन भोक पाडलं आणि पट्टा बांधायला तिचा हात धरला. तीन वर्षांत त्या हाताला कुणी आपण होऊन धरलं नव्हतं. बक्कल त्याच्या हातून दोनदा सुटलं.

"हात भरताना नजर मनगटावर ठेवावी… तोंडावर नाय," शकू हळूच म्हणाली.

"शिकव की मग."

समोरून फिटरची बायको सोनाबाई ओरडली, "अगं शकू, घड्याळ बांधायला एवढा वेळ? माजा नवरा तेवढ्यात लगीन लावून मोकळा झाला व्हता!"

घरी मात्र हसू नव्हतं. गौराबाईनं कपाळ बडवलं, आळी गोळा केली. "विधवेच्या हातात दागिना!"

"दागिना कुटाय? वेळ बघायचं यंत्र हाय. कंच्या पोथीत नको म्हनलंय, ते पान काढा."

पान कुणाकडे नव्हतं. आळी पांगली. धाकटीला पाटल्या नव्हत्या तरी लग्न ठरायचं ते ठरलंच.

भाद्रपदाच्या पगाराला वाल्मिक आला. उरलेले पैसे, वर सराफाची चिठ्ठी. आणि मान खाली घालून म्हणाला, "खालापुरात खोली हाय. पुढं दुकान घालनार. तू… आलीस तर… आमच्यात विधवेचं दुसरं लगीन, पाट, लावतात. पन आधी मुंबईला जाऊ, तिकडंच गुपचूप लावू. लोकांची तोंडं—"

"ऊठ," शकू म्हणाली.

तो गडबडला. "नको म्हनतीस?"

"गुपचूप नको म्हनते. म्या काय चोरी केली? लावायचा तर तुज्या आळीत लावायचा, दिवसाढवळ्या, तुज्या आईम्होरं. आनि पेटी माजी बंद व्हनार नाय. बाजार फिरनार मी. चालंल?"

"चालंल."

"आई नाय म्हनली तर?"

 वाल्मिकनं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, या वेळी भिंगाशिवाय. "तर तिला समजावीन. नाय समजली तर तिच्या दारासमोर लावू. पन लावू."

शकूचे ओठ हलले, पण तेवढ्यात सोनाबाई हात पुढं करून पारावर येऊन बसली. तिला हिरव्या बांगड्या हव्या होत्या, दोन्ही हातांना, डझनभर.

"थांब," शकू वाल्मिकला म्हणाली. "एवढं गिऱ्हाईक करते, मग जाऊ तुज्या आईकडं."

"आजच?"

"मग कदी?"

तो आपली पेटी बंद करून पाराखाली उभा राहिला, पावसात. शकूनं घाई केली नाही. एकेक बांगडी सोनाबाईच्या हाताचं हाड न दुखवता चढवली. बाईचं काम संपेपर्यंत उभा राहणारा पुरुष तिनं आजवर पाहिला नव्हता. तो किती वेळ टिकतो, हेही बघायचं होतं.

टिकला.